खेळांच्या संग्रहाची पडताळणी

लेखा शाखेत आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड कायमची जडते. कोठेही आकडा लिहिलेला दिसला, की तो मोजून पाहिल्याशिवाय त्याला स्वस्थता लाभत नाही. १९९६ साली गोंदियाच्या बाजारातून मी माझ्या दहा वर्षांच्या मुलासाठी हातात धरून खेळण्याचे एक चिनी बनावटीचे यंत्र आणले. 'ब्रिक गेम' या नावाने ते त्या काळी बाजारात, जत्रेत, स्टेशनाबाहेरच्या हातगाड्यांवर सर्वत्र विकले जाई. खोक्यावर ठळक अक्षरांत दावा होता : एकाच यंत्रात ९९९९ खेळ. मुलगा हरखून गेला. मी मात्र त्याच रात्री रकाने आखून वही घेऊन बसलो.

दहा रुंद आणि वीस उंच अशा चौकोनांच्या त्या पडद्यावर ठोकळे रचण्याचा खेळ होता, रणगाड्यांचा होता, मोटारींच्या शर्यतीचा होता, सापाचा होता, भिंत फोडण्याचा होता. दोन रात्रींच्या मोजणीनंतर माझ्या वहीत बाराहून अधिक खेळ भरेनात. उरलेले सारे क्रमांक एकाच खेळाचा वेग वाढवून किंवा पातळी बदलून तयार केलेले होते. एकाच पोथीच्या लहान टायपाच्या आणि मोठ्या टायपाच्या प्रतींना वेगवेगळे दाखल क्रमांक देऊन एखाद्या वाचनालयाने आपली ग्रंथसंख्या फुगवावी, तसा तो प्रकार होता. मी मुलाला वही दाखवली आणि तो कसा फसला हे समजावले. पुढे परीक्षा जवळ आली तेव्हा ते यंत्र मी कपाटात कुलूपबंद केले. परीक्षा झाली, निकाल लागला, यंत्र बाहेर काढायचे मात्र राहून गेले.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, आपल्या मंडळाच्या या पानांवर आजवर कविता, कादंबरी, नाटक आणि स्त्रीगीते यांची चर्चा झाली. पण ज्या वस्तूच्या संगतीत आपल्या मुलानातवंडांचे बालपण गेले, तिच्याविषयी 'डोळे बिघडतात' यापलीकडे आपण काही बोललो नाही. विषय पाहून काही वाचक नाक मुरडतील, हे मी जाणतो. काही वर्षांपूर्वी मीही मुरडले असते. परंतु न वाचता पुस्तक वाईट ठरवणाऱ्यास आपण समीक्षक म्हणत नाही, मग न खेळता खेळ वाईट ठरवणाऱ्यास काय म्हणावे?

एखाद्या यंत्रासाठी निघालेल्या सर्व खेळांच्या समूहाला त्या व्यवहारात 'लायब्ररी' असा शब्द आहे. वाचनालयाशी आयुष्यभर संबंध असलेल्या माणसाला हा शब्द खटकतो आणि विचारही करायला लावतो. खेळांचा ढीग केव्हा ढीग राहतो आणि केव्हा त्याचा संग्रह होतो? ब्रिक गेमने मला ढीग दाखवला. संग्रह मला २०२२ च्या दिवाळीत भेटला, तोही माझ्याच घरातल्या पत्र्याच्या पेटीत.

माझा पुतण्या १९९९ मध्ये नोकरीच्या कामाने काही महिने अमेरिकेत होता. परतताना त्याने आपल्या चुलतभावासाठी, म्हणजे माझ्या मुलासाठी, जुन्या वस्तूंच्या विक्रीतून एक राखाडी रंगाचा 'गेम बॉय' आणि त्याच्या तीन डब्या आणल्या. या डब्यांना मुले कॅसेट म्हणत. २००४ मध्ये मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला, ते यंत्र पेटीत गेले. दिवाळीच्या सुट्टीत लामत्याला आलेल्या नऊ वर्षांच्या नातवाने ते शोधून काढले. चार पेन्सिल सेल घातले आणि पडदा उजळला. त्या आठवड्यात आम्ही तीन पिढ्या ओसरीवर आळीपाळीने खेळलो. पुढचे विवेचन त्या ओसरीवर सुरू झाले आणि नंतरच्या वाचनाने भरत गेले.

गेम बॉय हे निंटेंडो या जपानी कंपनीचे यंत्र २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. गुन्पेई योकोई आणि सातोरू ओकादा हे त्याचे मुख्य रचनाकार. यांपैकी योकोई १९६५ पासून त्या कंपनीत होते. १९८० मध्ये त्यांनी 'गेम अँड वॉच' नावाचे खिशात मावणारे खेळ काढले, तेव्हा त्याची कल्पना त्यांना रेल्वेत सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. वेगवान गाडीत एक नोकरदार वेळ जावा म्हणून गणकयंत्राची बटणे दाबत बसला होता, तो त्यांनी पाहिला. बालाघाट ते नैनपूर छोट्या लाइनच्या गाडीने ज्यांनी आयुष्यभर प्रवास केला, त्या आपल्या पिढीला त्या नोकरदाराचा कंटाळा समजावून सांगावा लागणार नाही. २०१५ मध्ये ती गाडी बंद झाली आणि पुढे मोठी लाइन आली. पण रिकाम्या हाताला काहीतरी हवे असते, ही गरज दोन्ही लाइनींवर सारखीच.

योकोई यांचा एक सिद्धांत प्रसिद्ध आहे. नव्या, महागड्या तंत्रामागे न धावता, जुने झालेले, स्वस्त आणि पूर्ण समजलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधावा. जपानीत त्यांनी त्या तंत्राला 'सुकलेले' म्हटले आहे. आपण लोणच्याच्या भाषेत 'मुरलेले' म्हणू. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता. हिरवट पार्श्वभूमीवर चारच छटा, १६० बाय १४४ बिंदूंची जागा, पडद्याला स्वतःचा उजेडही नाही. त्याच वर्षी 'अटारी लिंक्स' आणि पुढच्या वर्षी 'सेगा गेम गिअर' ही रंगीत यंत्रे बाजारात आली. ती दिसायला निःसंशय सुंदर होती. पण त्यांना सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चाले. गेम बॉय आणि त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून जगभरात सुमारे ११ कोटी ८७ लाख यंत्रे विकली गेली. प्रतिस्पर्धी फार मागे राहिले.

या यंत्रासाठी एक हजाराहून थोडे अधिक खेळ निघाले. त्यांतील बराच भाग टाकाऊ आहे, हे आधीच सांगितलेले बरे. एखादा चित्रपट गाजला की त्याच्या नावावर घाईने रचलेले खेळ, एकाच यशस्वी खेळाची पुनःपुन्हा काढलेली भावंडे, मोठ्या यंत्रावरचे खेळ कापून-छाटून बसवलेले. कोणत्याही वाचनालयाच्या फडताळात असे वाङ्मय असतेच. संग्रहाची किंमत त्याच्या उत्तम अंशावरून आणि तो अंश त्या यंत्राच्या मर्यादेतूनच उगवला आहे का, यावरून ठरते. माझ्या पेटीतल्या तीन कॅसेटी योगायोगाने या उत्तम अंशातल्या होत्या. त्यांच्याच आधाराने मी बोलणार आहे.

पहिली 'टेट्रिस'. मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर हा खेळ रचला. त्यांच्या हाताशी असलेल्या संगणकाला चित्रे काढता येत नसत, म्हणून पहिले ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवलेले होते. चार चौकोनांचे सात आकार वरून खाली पडतात. ते फिरवून आडवी ओळ भरायची; ओळ भरली की नाहीशी होते, न भरलेल्या ओळी साचत जातात. अमेरिकेत गेम बॉयबरोबर कोणता खेळ द्यावा याचा विचार चालू असताना, मारिओचा खेळ दिलात तर मुले घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील, असा आग्रह हेंक रॉजर्स या व्यावसायिकाने धरला. तो खरा ठरला. या कॅसेटच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती खपल्या. सरकारी नोकर असलेल्या पाजित्नोव यांना मात्र, हक्क सोव्हिएत शासनाकडे असल्याने, १९९६ पर्यंत त्याचे मानधन मिळाले नाही. निवृत्त शासकीय सेवक म्हणून ही नोंद करताना माझी लेखणी क्षणभर थांबली.

या खेळाला आशय आहे का? कथा नाही, पात्रे नाहीत, उपदेश नाही. तरीही ज्या अर्थाने आपण उत्तम अभंगाच्या किंवा ओवीच्या घाटाविषयी बोलतो, त्या अर्थाने येथे घाट आहे. नियम थोडे, परिणाम अगणित. केलेले नीट काम पडद्यावरून नाहीसे होते आणि केलेली चूक तेवढी दिसत राहते. संसार केलेल्या कोणत्याही स्त्रीला आणि कचेरीत फायली हलवलेल्या कोणत्याही कारकुनाला हा आशय शब्दांवाचून कळतो. संपूर्ण खेळ ३२ किलोबाइटमध्ये मावतो. प्रस्तुत लेख देवनागरीत संगणकावर साठवला तर त्याला याहून अधिक जागा लागेल. आमच्यासारख्या लांबण लावणाऱ्या लेखकांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ब्रिक गेममधला ठोकळ्यांचा खेळ हा याच टेट्रिसची उघड नक्कल होता. मग एक ढीग आणि दुसरा संग्रह असे मी का म्हणतो? याचे उत्तर दुसऱ्या कॅसेटने दिले.

'पोकेमॉन' हा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये लाल आणि हिरवा अशा दोन प्रतींत प्रसिद्ध झाला. रचनाकार सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. शहर वाढत गेले, शेते आणि तळी बुजली आणि तो नाद त्यांनी खेळात उतरवला. दीडशे काल्पनिक प्राणी गोळा करायचे असतात. त्यातली खुबी अशी की, कोणत्याही एका प्रतीत ते सर्व सापडत नाहीत. काही फक्त लाल प्रतीत, काही फक्त हिरव्या प्रतीत. गेम बॉयच्या बाजूला एक छोटे छिद्र होते. त्यात तार घालून दोन यंत्रे जोडता येत. दुसऱ्या प्रतीच्या मालकाला गाठून, तारेने जोडून, आपले त्याला देऊन त्याचे आपण घ्यायचे. त्याखेरीज संग्रह पुरा होत नाही. घरात दूध कितीही असो, विरजण शेजारून आणावे लागते. तसा हा रचनेतच घातलेला शेजारधर्म आहे. एकलकोंडेपणाचा आरोप ज्या यंत्रावर आपण करतो, त्याच्या संग्रहातला सर्वांत गाजलेला खेळ एकट्याने पुरा करताच येत नाही, ही गोष्ट आरोप करणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

आमच्या लामत्यात तार नव्हती आणि दुसरी प्रतही नव्हती. मुलाचा संग्रह अपुरा राहिला. पण ओसरीवर बसून तो म्हणाला, "बाबा, तुम्ही ब्रिक गेमचे खेळ मोजलेत. आम्ही कितीजण त्यावर खेळत होतो, ते मोजले नाहीत." मी आठवू लागलो. एक पोवारी बोलणारा मुलगा होता, दोन गोंडांच्या वस्तीवरचे होते, एक स्टेशनच्या वसाहतीतला हिंदी भाषक. बाद झाला की यंत्र पुढच्याच्या हाती. माझ्या वहीत या नोंदीचा रकानाच नव्हता.

येथे भाषेचा प्रश्न येतो. भोसल्यांच्या अमदानीत आपली घराणी वैनगंगेच्या या खोऱ्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून घरात मराठी आणि शाळेत हिंदी, हा आपला क्रम. पुस्तक हाती घेताना 'हे कोणत्या लिपीत, कोणत्या बोलीत' हा विचार आपल्याला पहिल्यांदा करावा लागतो. ठोकळ्यांच्या खेळाने हा अडसरच ठेवला नव्हता. निःशब्द असणे ही त्याची उणीव नव्हे, ते त्याचे औदार्य होते. पण गेम बॉयच्या संग्रहातले जे खेळ शब्दांनी बोलतात, ते जपानीत, इंग्रजीत आणि युरोपच्या काही भाषांत बोलतात. मराठीत बोलणारा एकही नाही. माझा मुलगा तिसऱ्या कॅसेटसमोर इंग्रजी शब्दकोश घेऊन बसत असे, हे मला बावीस वर्षांनी कळले.

ती तिसरी कॅसेट म्हणजे 'झेल्डा' मालिकेतील 'लिंक्स अवेकनिंग', १९९३ ची निर्मिती. माझ्या मते हातातल्या यंत्रावरील कथात्मक खेळांत हिचे स्थान फार वरचे आहे. वादळात नाव फुटून नायक एका अनोळखी बेटाच्या किनाऱ्याला लागतो. मारिन नावाची मुलगी त्याला वाचवते. बेटावर गाव आहे, विक्षिप्त माणसे आहेत, गाणी आहेत. डोंगराच्या माथ्यावर एक प्रचंड अंडे आहे आणि त्यात 'वायुमत्स्य' झोपला आहे. आठ वाद्ये गोळा करून त्याला जागे केले, तरच नायकाची सुटका. अर्ध्याहून अधिक वाट चालून गेल्यावर एका देवळातील भित्तिचित्र सांगते की, हे सारे बेट त्या झोपलेल्या मत्स्याचे स्वप्न आहे. तो जागा झाला की बेट, गाव आणि मारिन, काहीच उरणार नाही.

योगवासिष्ठाची परंपरा सांगणाऱ्या आपल्या वाचकाला स्वप्नातील जगाची कल्पना नवी नाही. नवे आहे ते कर्तृत्वाचे ठिकाण. कादंबरीत नायक काहीही करो, वाचक पान उलटण्याखेरीज काही करत नाही. तो साक्षी असतो. येथे वाद्ये खेळणाऱ्याने स्वतः गोळा केलेली असतात आणि शेवटचे बटण त्याच्याच अंगठ्याखाली असते. जिंकणे आणि नष्ट करणे ही एकच कृती ठरते. शोकात्म नाट्याची चर्चा करताना आपण नायकाच्या अटळ कर्माविषयी बोलतो. ते कर्म प्रेक्षकाच्या हातून करवून घेणारा हा रूपबंध मला अन्य कोठे इतक्या साध्या साधनांनी साधलेला दिसला नाही. चार छटांच्या पडद्यावर हे घडते, हे विशेष.

मी मुलाला विचारले, "तू शेवट केव्हा गाठलास?" तो म्हणाला, "गाठलाच नाही. आठही वाद्ये मिळाली होती. पण अंड्यापर्यंत गेलोच नाही, बाबा. बेट राहू द्यावे म्हटले." चौदा वर्षांच्या मुलाने केलेला तो निर्णय माझ्या घरात, माझ्या नाकासमोर झाला आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या वर्षी मी त्याला सांगत होतो की, या खेळांतून काही शिकायला मिळत नाही.

नातवाने उत्सुकतेने ती कॅसेट घातली. खेळ सुरू झाला. पण मुलाने राखून ठेवलेला डाव नव्हता. तिन्ही जागा कोऱ्या. कारण साधे आहे. अशा कॅसेटींत खेळणाऱ्याची प्रगती लक्षात ठेवण्यासाठी एक बटणासारखा चपटा सेल आत जोडलेला असतो. पंधरा-वीस वर्षांत तो संपतो आणि आठवण पुसली जाते. बेट वाचवण्यासाठी मुलगा थांबला होता. सेलाने कोणालाही न विचारता ते बुडवले. पोकेमॉनच्या कॅसेटचीही तीच गत झाली होती. टेट्रिस तेवढे जसेच्या तसे चालले, कारण त्याला मुळात काही लक्षात ठेवायचेच नव्हते.

येथून मूळ प्रश्नाकडे वळू. संग्रह म्हणजे निवड, संग्रह म्हणजे माणसांना जोडणारी वस्तू, हे झाले. पण जो टिकत नाही तो संग्रह कसला? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने जुलै २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृत बाजारात मिळत नाहीत. गेम बॉय आणि त्याच्या कुळातील यंत्रांच्या खेळांपैकी जेमतेम ५.८७ टक्के मिळतात. ज्या यंत्राच्या कोट्यवधी प्रती खपल्या, त्याची ही अवस्था. निंटेंडोचे ज्या जुन्या खेळांच्या विक्रीचे ऑनलाइन दुकान 'थ्रीडीएस' यंत्रावर होते, ते मार्च २०२३ मध्ये बंद झाले. काही निवडक खेळ आता वर्गणी भरून खेळता येतात. वर्गणी थांबली की खेळ थांबला. हे वाचनालय नव्हे, हे भाड्याचे घर झाले. संशोधकांना अशा खेळांच्या प्रती ग्रंथालयाबाहेरून पाहता याव्यात ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली.

आपल्याकडे १९५४ चा ग्रंथवितरण अधिनियम आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना पाठवावी, असा त्याचा आशय. पुढे त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. खेळांचा त्यात उल्लेख नाही. जपानने २००० मध्ये आपल्या संसदीय ग्रंथालयाच्या अशा जमा-व्यवस्थेत खोक्यातून विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांचा समावेश केला आणि खेळांना त्यात जागा मिळाली. ज्यांनी खेळ रचले, त्यांनी ते जपण्याचा विचारही आधी केला.

मग आपण काय रचले, हेही विचारले पाहिजे. सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन पोर्टेबल' हे हातातले यंत्र डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आले. त्याचा पडदा मोठा, रंगीत आणि देखणा होता. या यंत्रासाठी भारतीय निर्मात्यांनीही काम केले. हैदराबादच्या गेमशास्त्र या संस्थेने 'देसी अड्डा' रचला. त्यात कबड्डी, गिल्लीदांडा, पतंग असे देशी खेळ होते. मुंबईच्या ट्राइन या संस्थेने २०१० मध्ये 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' दिला. प्रयत्न स्तुत्य होते. परंतु समीक्षकाने निवडीविषयी बोलले पाहिजे. कबड्डीत श्वास आहे, मातीचा वास आहे, पकडलेल्या पायाची ओढ आहे. पतंगात वारा आहे. जे खेळ सर्वांगाने खेळायचे, ते आपण दोन अंगठ्यांच्या यंत्रात घातले. आणि जे मुळातच हाताचे आणि बुद्धीचे, ते घरी विसरून आलो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, एकशेवीस पाने. सारीपाट घ्या. ज्ञानदेवांशी ज्याची परंपरा जोडली जाते तो मोक्षपट घ्या. नियम मोजके, चिन्हे ठसठशीत, परिणाम अगणित. चार छटांच्या पडद्यावरही शोभले असते. पाजित्नोव यांनी लाकडी ठोकळ्यांच्या कोड्यापासून प्रेरणा घेतली, पण लाकडाची नक्कल केली नाही. त्यातला नियम उचलला आणि त्याला काळाची गती दिली. देशी विषय घेणे सोपे असते. देशी घाट शोधण्याला मात्र योकोईंसारखे मुरलेल्या वस्तूंकडे पाहावे लागते.

विटीदांडूचेच उदाहरण घेतो. आमच्या लहानपणी अंतर मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल अशी गणती चाले. हे तेलुगू भाषेतील एक, दोन, तीन, चार. शेजारच्या भाषेचे हे शब्द मराठी मुलांच्या तोंडी किती पिढ्यांपासून आहेत कोण जाणे. ग्रंथांनी जी देवघेव नोंदवली नाही, ती एका खेळाने जपली. बडोद्याचे आबासाहेब मुजुमदार यांनी १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला आणि त्यात आपल्या खेळांची नोंद केली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने केलेले ते काम आहे, याचा आपल्यासारख्या कुटुंबांनी अभिमान तर बाळगावाच, पण ते पुढेही न्यावे.

माझ्या वहीतील १९९६ ची मोजणी आजही बरोबर आहे. ९९९९ खेळ नव्हते, बाराच होते. चूक रकान्यांत होती. मी वस्तू मोजल्या. वापर मोजला नाही आणि टिकाऊपणा तपासला नाही. दिवाळीनंतर मी ते कपाट उघडले. सेल गळून ब्रिक गेमचे पत्रे हिरवे पडले होते. ते यंत्र आता चालत नाही. मुलाला तसे सांगितले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "राहू द्या, फेकू नका."

आपल्या मंडळाच्या वाचनालयात जुन्या पोथ्यांचे एक कपाट आहे. त्यातला एक खण खेळांसाठी द्यावा, अशी माझी सूचना आहे. कोणाच्या घरी बंद पडलेली यंत्रे असतील, कोणाकडे सोंगट्या, कोणाकडे कवड्या. वस्तू नसली तरी चालेल. आपल्या घरात कोणता खेळ, कोणत्या नियमांनी, कोणाकोणाबरोबर खेळला जाई, एवढे एका कागदावर लिहून वाचकांनी पाठवावे. दाखल नोंदवही मी आखली आहे. त्यात 'किती जण खेळत' हा रकाना या वेळी घातला आहे. पहिल्या क्रमांकावर आमच्या अंगणातील विटीदांडू आणि दुसऱ्या क्रमांकावर, नादुरुस्त असा शेरा लिहून, तो ब्रिक गेम मी दाखल केला आहे. तिसऱ्या क्रमांकाची जागा वाचकांसाठी मोकळी आहे.